भिशी, सान, तानोमोशी

जर्सी सिटीत मुलाकडे येऊन मला तीन आठवडे झाले होते. नातीला सांभाळायला येणाऱ्या बाई डोमिनिकन, म्हणजे कॅरिबियनमधल्या डोमिनिकन रिपब्लिकच्या, साठीच्या जवळ आलेल्या. घरात सगळे त्यांना 'डोन्या' म्हणतात, आपल्याकडे मानानं 'बाई' म्हणतात तसं. एका शुक्रवारी त्यांनी पगारातल्या पन्नासच्या दोन नोटा वेगळ्या काढल्या, वहीच्या कागदात गुंडाळल्या आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली. मी बत्तीस वर्षं पतसंस्थेत काढली आहेत. असे बाजूला काढलेले पैसे मला लांबून ओळखू येतात. विचारलं तर म्हणाल्या, "सान." वीस जणी, दर आठवड्याला शंभर डॉलर, आणि दर आठवड्याला एकीच्या हातात दोन हजार. म्हणजे भिशीच!

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, आमच्याकडे पण होती. तानोमोशी. आजीला विचारा." सून हवाईची. तिच्या आईकडचे आणि वडिलांकडचे दोन्ही पणजोबा जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावरून उसाच्या मळ्यावर आलेले. लेबर डेच्या सुट्टीत आम्ही सगळे तिच्या माहेरी जाणारच होतो. त्याआधी दोन दिवस मला डोन्यांच्या वस्तीत जायचं होतं. त्यांनी आनंदानं हो म्हटलं.

मंगळवार

सकाळी डोन्यांची धाकटी मुलगी मला घ्यायला आली. ती कॉलेजात शिकते. स्पॅनिश आणि इंग्रजीच्या मधला पूल दोन दिवस तीच होती. वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून 'ए' गाडी पकडली आणि मॅनहॅटनच्या पोटातून सरळ उत्तरेला १७५ व्या रस्त्यावर बाहेर पडलो.

वॉशिंग्टन हाइट्स. पाच-सहा मजली जुन्या विटांच्या इमारती, बाहेरून लोखंडी जिने, फुटपाथवर घडीचं टेबल टाकून डोमिनो खेळणारे म्हातारे, दुकानांबाहेर हिरव्या केळ्यांचे खोके. ब्रॉडवेला इथे हुआन रॉड्रिगेज यांचंही नाव दिलेलं आहे. हा माणूस १६१३ साली सांतो दोमिंगोहून डच जहाजावर आला आणि मॅनहॅटनवर राहिला. मूळ रहिवासी सोडले तर या बेटावर वस्ती करणारा नोंदीतला पहिला माणूस तो. मुलीनं मला ती पाटी मुद्दाम उभं राहून दाखवली. "आम्ही काल आलेलो नाही," ती म्हणाली.

पण लोंढा आला तो १९६१ नंतर. त्रुहियो हा हुकूमशहा १९३० पासून देश मुठीत धरून होता आणि साध्या माणसाला पासपोर्ट मिळू देत नव्हता. ३० मे १९६१ ला त्याला गोळ्या घालून मारलं. चार वर्षांनी, एप्रिल १९६५ मध्ये तिथे यादवी पेटली आणि अमेरिकेचं सैन्य उतरलं. त्यानंतर व्हिसा सढळ हातानं मिळू लागले. त्याच वर्षी अमेरिकेचा स्थलांतराचा कायदाही बदलला. डोन्यांच्या थोरल्या मावशी १९६८ ला आल्या त्या या दारातून. शिलाईच्या कारखान्यात लागल्या, मग एकेका बहिणीला बोलावून घेतलं. डोन्या आल्या १९८६ ला.

दुपारी त्यांच्या घरी मांगू खाल्लं. हिरवी केळी उकडून, लोणी घालून घोटलेली, वर व्हिनेगरमधला कांदा, बाजूला तळलेलं चीज आणि अंडं. सोबतचे सलामीचे, म्हणजे मांसाचे काप मी घेतले नाहीत, त्यांनी आग्रहही केला नाही. घर म्हणजे दोन खोल्या आणि एक चिंचोळं स्वयंपाकघर. भाडं कायद्यानं बांधलेलं, म्हणून तर त्या इथे टिकल्या. त्याच जिन्यावर शेजारचं घर रिकामं होऊन पुन्हा भाड्यानं गेलं ते कितीतरी चढ्या दरानं, आणि त्यात आता एक तरुण गोरं जोडपं राहतं. डोन्यांचे दोघे भाऊ ब्राँक्समध्ये गेले. नुसते तेच नाहीत, आज मॅनहॅटनपेक्षा ब्राँक्समध्ये डोमिनिकन जास्त आहेत.

मला आमची लालबागची खोली आठवली. आजोबा गुहागरहून गिरणीत आले. पागडीची दहा बाय बाराची खोली, तिच्यात आम्ही नऊ जण. भाडं नाममात्र होतं म्हणून राहता आलं, आणि खोली आपली नाही ही टोचणीही जन्मभर राहिली.

मी डोन्यांना सरळ विचारलं, आजवर किती सान झाल्या आणि त्या पैशांचं काय केलं? त्यांनी बोटांवर मोजलं. एकीत आईचं घर पक्कं केलं, सान्तियागोजवळच्या गावी, पत्रे काढून स्लॅब. एकीत भावाचं तिकीट. एकीत वडिलांचं औषधपाणी, पुढच्याच वर्षी त्यांच्या अंत्यविधीचा खर्च. एकीत थोरलीची पंधराव्या वाढदिवसाची मेजवानी. दोनदा घराचं थकलेलं भाडं. सांगताना चेहऱ्यावर खंत नव्हती. घर पक्कं केलं हे सांगताना तर फोटोच काढून दाखवला, गुलाबी रंगाचं, व्हरांड्यात दोन झुलत्या खुर्च्या.

बुधवार

आज सान चालवणाऱ्या बाईंकडे. सेंट निकोलस अव्हेन्यूवर त्यांचं केस सेट करण्याचं सलून आहे. डोमिनिकन बायकांची ही सलून न्यूयॉर्कभर प्रसिद्ध. मोठाले रोलर लावून, मग गरम हवेनं ओढून कुरळे केस सरळ करायचे. आत एकावेळी सात-आठ बायका, मोठ्यानं रेडिओ, कुणाचं मूल कोपऱ्यात गृहपाठ करतंय. या वस्तीत पुरुषाचा धंदा म्हणजे बोदेगा, म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान, नाहीतर टॅक्सी; आणि बाईचा धंदा म्हणजे सलून. फार भांडवल लागत नाही, नात्यातली माणसं कामाला, आणि गिऱ्हाईक आपल्याच भाषेतलं.

सानचा हिशेब त्या बाई साध्या वहीत ठेवतात. नंबर आधी ठरतात, पहिला नंबर चालवणारीचा. तीच तिची मेहनत आणि तीच तिची जोखीम, कारण कुणी मध्येच पैसे थांबवले तर भरायचे तिनं. व्याज नाही. मी विचारलं, बँकेत का नाही ठेवत? उत्तर आमच्या पतसंस्थेच्या खिडकीवर मी हजारदा ऐकलेलं: बँक मला ओळखत नाही, ही ओळखते.

सलूनला लागून पैसे पाठवण्याचं दुकान. खिडकीपुढे पाच-सहा जण उभे होते. जगभरातले डोमिनिकन आपल्या देशात वर्षाला १० अब्ज डॉलरच्या वर पाठवतात, आणि त्यातला मोठा वाटा अमेरिकेतून जातो. इथल्या लोकांना 'हे बचतच करत नाहीत' असं म्हणणारे भेटतात. मला हे ऐकवत नाही. बचत दिसत नाही, कारण ती चार तासांच्या विमानप्रवासावर एका गुलाबी घराच्या स्लॅबमध्ये आहे. अमेरिकेतल्या मोजणीत ती येत नाही.

दुपारी सिटी कॉलेजात गेलो. तिथे १९९२ पासून डोमिनिकन अभ्यासाची संस्था आहे, ग्रंथालय आणि दप्तरखान्यासह. एका तासात मला जे उमगलं ते असं. ज्या कारखान्यांच्या भरवशावर हे लोक आले, तेच कारखाने यांच्या डोळ्यांदेखत बंद पडत गेले. १९५० च्या सुमारास न्यूयॉर्क शहरात कारखान्यांतल्या नोकऱ्या दहा लाखांच्या आसपास होत्या. १९९० पर्यंत त्यातल्या एक तृतीयांशही उरल्या नाहीत. मावशींना शिलाईयंत्रावर युनियनची नोकरी मिळाली. अठरा वर्षांनी डोन्या आल्या तेव्हा त्या मजल्यावर यंत्रंच नव्हती. लालबागेत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १९८२ च्या संपानंतर माझ्या दोन काकांनी काय केलं? एकानं वडापावची गाडी टाकली, दुसरा गावी परतला. त्यांच्यात कष्टाची कमतरता नव्हती. ज्या शिडीनं आजोबा चढले, ती शिडी मधूनच काढून घेतली गेली होती.

आणि रंग. डोन्या सावळ्या, मुलगी अजून सावळी. त्यांच्या देशात ती 'इंडिया' म्हणवली जाते, गव्हाळ-सावळ्या माणसाला तिथे तो शब्द आहे. न्यूयॉर्कमध्ये ती काळी. दुकानात शिरली की पहारेकरी मागे येतो, हे तिनं अगदी शांतपणे सांगितलं. १९९२ च्या जुलैत पोलिसांच्या गोळीनं एक डोमिनिकन तरुण मेला आणि ही वस्ती अनेक दिवस पेटली होती. त्या वेळचं डोन्या बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, मी खिडकी लावून मुलांना न्हाणीघरात झोपवलं.

एक गोष्ट मात्र इथे फार लवकर झाली. १९९१ मध्ये इथल्या शाळांसाठी भांडणारे शिक्षक गिलेर्मो लिनारेस नगर परिषदेवर निवडून आले आणि २०१६ मध्ये अद्रियानो एस्पायात अमेरिकेच्या संसदेत. १९६५ पासून मोजलं तर ५१ वर्षं. हा आकडा लक्षात ठेवला, पुढे लागला.

गुरुवार

नेवार्क ते होनोलुलू अकरा तास. नात बहुतेक वेळ झोपली. खाली उतरलो तेव्हा घड्याळं सहा तास मागे गेली होती. विमानतळावर सुनेचे आईवडील हार घेऊन उभे, सोनचाफ्याच्या जातीतल्या फुलांचे, वास अगदी घरचा.

शुक्रवार

वायपाहू. इथला साखर कारखाना १९९५ साली बंद झाला. जवळच मळ्यावरच्या मजुरांची घरं जपून एक छोटं गाव उभं केलं आहे. चिनी, पोर्तुगीज, जपानी, कोरियन, फिलिपिनो. मळेवाल्यांनी प्रत्येक जमातीची वेगळी वस्ती ठेवली होती, पगारही वेगळे. १९०९ च्या संपाच्या वेळी जपानी मजुराला महिन्याला १८ डॉलर आणि त्याच कामाला पोर्तुगीज आणि पोर्तोरिकन मजुराला साडेबावीस. हो, पोर्तोरिकन! डोन्यांच्या शेजारच्या बेटावरचे लोक १८९९ च्या चक्रीवादळानं उद्ध्वस्त होऊन १९०० च्या डिसेंबरात इथे येऊन पोचले. त्यांचंही घर या गावात आहे. कॅरिबियन आणि ओकिनावा इथे एकाच उसात उभे होते. मी त्या घराचा फोटो काढून डोन्यांच्या मुलीला लगेच पाठवला.

ओकिनावाची माणसं त्याच वर्षी आली. ८ जानेवारी १९०० ला २६ पुरुष होनोलुलूत उतरले आणि जवळच्या एवा मळ्यावर गेले. त्यांना पाठवणारे तोयामा क्यूझो हे किन गावचे. ओकिनावा हे पूर्वी र्‍यूक्यूचं स्वतंत्र राज्य, १८७९ मध्ये जपाननं गिळलेलं. भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या. त्यामुळे मळ्यावर गोरा मुकादम वर, त्याखाली मुख्य बेटांवरचे जपानी, आणि त्यांच्याही खाली हे. बायकांच्या हातावर गोंदण असायचं, ते लपवावं लागे. डुकरं पाळतात म्हणून पोरं चिडवायची: 'ओकिनावा केन केन, बुता काऊ काऊ.' बुता म्हणजे डुक्कर, काऊ काऊ म्हणजे खाणं. सुनेच्या वडिलांना हे अजून त्याच चालीत म्हणता येतं. म्हणून दाखवलं आणि मग गप्प झाले.

गळ्यात पितळी बिल्ला, त्यावर नंबर. मजुराला नावानं नाही, नंबरानं हाक. मी तो बिल्ला काचेतून बराच वेळ पाहिला.

जेवायला 'हायवे इन'मध्ये गेलो. १९४७ साली सुरू झालेलं, ओकिनावन कुटुंबाचं. पण पदार्थ मूळ हवाईचे. संस्थापक दुसऱ्या महायुद्धात जपानी म्हणून छावणीत डांबले गेले होते, तिथल्या मुदपाकखान्यात स्वयंपाक शिकले. होनोलुलूतल्या कितीतरी खाणावळी ओकिनावनांच्या, आणि त्यातही ओरोकू या एकाच गावाकडच्या लोकांच्या फार. एक भाऊ खाणावळ काढतो, चुलतभाऊ भांडी घासायला येतो, तीन वर्षांत शिकून आपली काढतो. आमच्या मुंबईतल्या उडुपी हॉटेलांची गोष्ट हीच. भाज्या एका नात्यातून, अंडी दुसऱ्यातून, आणि खरकटं परत डुकरं पाळणाऱ्या काकाकडे. ज्या डुकरांवरून चिडवलं त्यांनीच भांडवल उभं केलं.

शनिवार

ओकिनावन उत्सव, होनोलुलूच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये. हवाईत ओकिनावनांची सुमारे ५० मंडळं आहेत, बहुतेक ओकिनावातल्या एकेका गावाच्या किंवा तालुक्याच्या नावाची. प्रत्येकाचा टीशर्ट वेगळा, प्रत्येकाकडे एकेक काम. एक मंडळ तिकिटांवर, एक सायमीन, म्हणजे शेवयांचं सूप, शिजवायला, एक पिशव्या उचलायला. गिरगाव-लालबागेतली आमची ग्रामस्थ मंडळं माझ्या डोळ्यांपुढे आली: गावच्या पालखीची वर्गणी, गावाहून आलेल्या पोराला झोपायला जागा. पण ती मंडळं आता म्हाताऱ्यांवर चालतात. इथे सोळा वर्षांची पोरं आंदागी तळत होती.

आंदागी म्हणजे गोड पिठाचा गोळा. पीठ मुठीत घ्यायचं, अंगठा आणि तर्जनीमधून पिळून तेलात सोडायचं, आपण भजी सोडतो तसंच, पण मनगटाच्या एका झटक्यानं. मलाही एका काकूंनी ढकलून पुढे केलं. माझे गोळे बरे सुटले. "इचारिबा चोडे," त्या म्हणाल्या. एकदा भेट झाली की भावंडं.

संध्याकाळी ढोल, सानशिन नावाचं तीन तारांचं वाद्य, आणि हात वर करून सगळ्यांनी गोल नाचणं. नात आजोबांच्या खांद्यावर.

या गर्दीत डॉक्टर, वकील, मुख्याध्यापक, बांधकाम व्यावसायिक. २०१४ ला डेव्हिड इगे हवाईचे राज्यपाल झाले, अमेरिकेत ओकिनावन वंशाचे पहिले. पण १९०० पासून मोजा, ११४ वर्षं. मला डोन्यांकडचा ५१ चा आकडा आठवला. सुनेच्या पणजोबांना तर १९५२ पर्यंत नागरिक होण्याचाच हक्क नव्हता, कारण वंश जपानी. १९२४ ला नवीन माणसांचं दारही बंद झालं. एका परीनं त्यानंच गंमत केली: पाठीमागून कुणी यायचं नाही, म्हणून जे होते ते सगळे मुळं धरून बसले. त्यानंतर शंभर वर्षांत चौथी पिढी आली. न्यूयॉर्कमध्ये आजही दर आठवड्याला कुणीतरी नवीन उतरतं आणि त्याचं पहिलं वर्ष सगळ्या जमातीच्या सरासरीत मिसळतं. चौथ्या पिढीची श्रीमंती आणि पहिल्या पिढीची ओढाताण शेजारी ठेवून 'हे कष्टाळू, ते तसे' असं ठरवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. शिवाय हवाईत आशियाई माणसं बहुसंख्य होती. दुकानात शिरल्यावर मागे येणारा पहारेकरी इथे मला कुणाच्याच गोष्टीत भेटला नाही.

रविवार

आज आजींकडे. सुनेची आजी, घरात 'बाचान'. नव्वदीच्या पुढे, कान तल्लख. घर पर्ल सिटीत, टेकडीवर, मागे पपई आणि गोया, म्हणजे आपलं कारलंच.

तानोमोशीचं विचारल्यावर त्यांनी सुनेला कपाटातून एक वही काढायला लावली. जपानी अक्षरं, आकडे मात्र आपल्याला वाचता येतील असे. इथली भिशी लिलावाची होती: ज्याला आधी पैसा हवा त्यानं जास्त व्याज बोलायचं, त्याला उचल. जो थांबला त्याला व्याजाचा फायदा. म्हणजे गरजवंताला पैसा आणि थांबणाऱ्याला कमाई. बाचान एकेका ओळीवर बोट ठेवत गेल्या. वीस डुकरिणी. खाणावळीचा फ्रीज. मोठ्या मुलाची कॉलेजची फी. धाकट्या दिराला ती लागली नाही, तो युद्धात लढून आला होता, त्याचं शिक्षण सरकारनं केलं. मग मध्येच १९४८: "बेटासाठी." युद्धात ओकिनावा बेचिराख झालं होतं. हवाईच्या ओकिनावनांनी वर्गणी काढून ५५० डुकरं विकत घेतली आणि सात माणसांबरोबर ऑरेगॉनमधून जहाजानं पाठवली. बाचान तेव्हा लग्नाच्या नव्हत्या. वडिलांनी तानोमोशीतून त्या वर्षीची उचल तिकडे दिली आणि घराची डागडुजी राहिली. डोन्यांच्या गुलाबी घराची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्या जोरात मान हलवत राहिल्या.

शेवटचं पान १९८० च्या दशकातलं: जमीन. ओआहूवर, म्हणजे होनोलुलू ज्या बेटावर आहे तिथे, १९६० च्या दशकात २२ जमीनदारांकडे मालकीच्या जमिनीचा ७२ टक्क्यांहून जास्त हिस्सा होता. घर तुमचं, खालची जमीन भाडेपट्ट्याची. १९६७ मध्ये कायदा आला की घरात राहणाऱ्यानं जमीन विकत मागावी, सरकारनं जमीनदाराकडून ती घेऊन द्यावी. जमीनदार न्यायालयात गेले आणि १९८४ ला सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला. म्हणजे आमचा कूळकायदाच की! गुहागरची आमची दीड एकर याच वाटेनं १९५७ नंतर आजोबांच्या नावावर झाली. बाचाननी तानोमोशी उचलली आणि पायाखालची जमीन घेतली. आज त्या एका जमिनीवर नातवंडांची कर्जं निघतात. वॉशिंग्टन हाइट्सच्या भाडेकरूसाठी असा कायदा कुणी केला नाही. डोन्या छत्तीस-सदतीस वर्षं भरलेल्या भाड्याच्या पावत्या जपून आहेत, त्यावर कुठली बँक उभं करत नाही.

बाचानचा एक नातू मात्र लास व्हेगासला गेला. होनोलुलूत घर घेणं त्याला झेपलं नाही. इथले लोक त्या शहराला 'नववं बेट' म्हणतात, इतके जण गेले.

परतताना वायपिओला ओकिनावा केंद्रापाशी थांबलो. लाल कौलांचं छप्पर, दाराशी शीसा, सिंह आणि कुत्रा यांच्या मधलं रूप, वाईट नजर अडवणारं. कौलं बघून मला घरी गेल्यासारखं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. डोन्यांची मुलगी.

या सानमध्ये डोन्यांचा नंबर सोळावा होता. मुलीची फी भरायची ठरली होती. शनिवारी गावाहून फोन आला, आई पडली, मांडीचं हाड मोडलं. सलूनवाल्या बाईंनी दुसरीला विचारलं, तिनं आपला नंबर दिला. दोन हजार आजच हातात आले आणि डोन्या रात्रीच्या विमानानं निघाल्या. मंगळवारपासून नातीला सांभाळायला कोण येणार याची आम्हाला काळजी नको, मुलगी स्वतः येईल, सकाळचे तास तिला मोकळेच आहेत.

मी विचारलं, "आणि फी?"

"हप्ता पाडून घेतलाय," ती म्हणाली. "आणि आजीच्या खोलीत आता खिडकीला जाळी लावून घेणार आहे आई. डास फार आहेत म्हणे."